पुरात गाव तुटल्यावर कोरडा शिधा आणि पोट: आधी पाणी मोजा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. पर्लकोटा नदीला पूर आला, पूल पाण्याखाली गेला की गडचिरोलीतल्या भामरागडकडची कितीतरी गावं तुटतात, तसं तुमचंही गाव आठ-दहा दिवस तुटतं. घरात पाच माणसं. त्यात साखरेची गोळी चालू असलेली आई आणि दोन वर्षांचं लेकरू. हाताशी फुटाणे, मुरमुरे, बिस्किटांचे पुडे, शहरातल्या नातेवाइकांनी पाठवलेल्या आपत्कालीन शिध्याच्या दाबलेल्या वड्या आणि मधूनमधून डोंग्यातून येणारी मदतीची खिचडी. तिसऱ्या दिवसापासून निम्म्या घराचं पोट साफ होत नाही आणि उरलेल्यांना ढाळ लागतात. यात नेमकं कोणतं अन्न वाईट, असं तुम्ही विचारलंय.

यातलं एकही अन्न मुळात वाईट नाही. शुद्ध पाणी किती आहे ते न पाहता शिधा वाटला जातो, आणि तिथून पोटाचं तंत्र बिघडतं. म्हणून शिधा मोजण्याआधी पाणी मोजा. पिण्याला आणि अन्नाला मिळून माणशी रोज अडीच ते तीन लिटर शुद्ध पाणी लागतं. पाच जणांचे साधारण 15 लिटर, म्हणजे 20 लिटरचा एक कॅन रोज तयार हवा. तेवढा तयार होत असेल तर खाली सांगितलेलं सगळं निर्धास्त खा. माणशी दीड-दोन लिटरवर आलात तर फुटाणे-शेंगदाणे निम्मे करा. एक लिटरच्याही खाली गेलात तर फुटाणे, शेंगदाणे, फरसाण, लोणचं, पापड सगळं बाजूला ठेवा. पातळ पेज, गूळ, वडीचा तुकडा एवढ्यावरच राहा आणि तेही थोडं खा. प्रथिनं पचल्यावर तयार होणारा युरिया आणि जादा मीठ लघवीवाटे बाहेर टाकायला शरीराला पाणी खर्चावं लागतं. चोथा तर आतड्यात पाणी धरूनच काम करतो. पाणी नसताना चोथा खाल्ला की तो पोटात घट्ट बसतो.

पुरात पाण्याला तोटा नसतो, तोटा असतो शुद्ध पाण्याचा. नदीचं किंवा बुडालेल्या विहिरीचं पाणी आधी चार पदरी सुती कापडातून गाळा. मग तुरटीचा खडा बादलीत चार-पाच वेळा फिरवा आणि तास-दीड तास बादलीला हात लावू नका. वरचं नितळ पाणी हळूच दुसऱ्या गंजात ओता. तळाचं चार बोटं पाणी गाळासकट फेकून द्या. चूल पेटत असेल तर खळखळ उकळी आल्यावर निदान एक मिनिट ती टिकू द्या. सरपण ओलं असेल तर क्लोरीनवर भिस्त ठेवावी लागते. घरी क्लोरीनच्या गोळ्या किंवा थेंब असतील तर बाटलीवरचं प्रमाण पाळा. ग्रामपंचायतीकडून टीसीएल (ब्लीचिंग) पावडर मिळाली तर 15 ग्रॅम पावडर अर्धा लिटर पाण्यात कालवून झाकून ठेवा, चुन्याचा साका खाली बसू द्या. वरच्या निवळीचा एक चहाचा चमचा, म्हणजे 5 मिली, 20 लिटर नितळ पाण्याला पुरतो. पाणी अजून धुरकट दिसत असेल तर दोन चमचे. अर्धा तास थांबा आणि मग वास घ्या. क्लोरीनचा हलका वास यायलाच हवा. आला नाही तर तेवढाच डोस पुन्हा घालून आणखी अर्धा तास थांबा. दमट हवेत ठेवलेली पावडर महिन्या-दोन महिन्यांत मेलेली असते. डबा उघडताच नाकाला चटका बसला नाही तर ती कामाची नाही असं समजा. गढूळ पाण्यात थेट क्लोरीन ओतणं फुकट जातं, गाळच तो खाऊन टाकतो.

शुद्ध केलेल्या पाण्यात गडू बुडवायचा नाही. तोटीचा कॅन ठेवा, नाहीतर लांब दांड्याचं ओगराळं ठेवा. बोटं बुडाली की आधीची मेहनत वाया.

आता ढाळ कुठून येतात ते. सातू, भिजवलेले पोहे, दूध पावडर आणि सरबताची पावडर ही चारही न शिजवता पाण्यात कालवून खातो आपण. भात-वरणात पाणी उकळतं, इथे ते उकळत नाही. पुरात पोहे धुवायचं पाणीसुद्धा शुद्ध केलेलंच हवं. लोक पिण्याच्या पाण्याची काळजी घेतात आणि पोहे मात्र तसल्याच बादलीतल्या पाण्याने भिजवतात, हे फार वेळा घडतं.

दुसरं कारण मदतीची खिचडी. सकाळी तालुक्याला शिजलेली खिचडी ट्रॅक्टर, डोंगा करत दुपारी तीनला तुमच्यापर्यंत येते. भातात एका जिवाणूचे बीजाणू असतात, ते शिजवण्याने मरत नाहीत. भात कोमट अवस्थेत तासन्‌तास राहिला की ते वाढतात आणि विष सोडतात. ते विष पुन्हा गरम केल्यानेही जात नाही. खाल्ल्यावर एक ते सहा तासांत उलट्या सुरू झाल्या तर बहुतेक वेळा हेच असतं. म्हणून खिचडी आणणाऱ्याला आधी विचारा, कधी शिजली? हाताला चटका बसेल इतकी गरम असेल तर लगेच वाढा. कोमट असेल आणि शिजून चार तास उलटले असतील तर लेकराला आणि म्हाताऱ्या माणसाला देऊच नका. रात्रीसाठी झाकून ठेवणं तर पूर्ण बंद. माझं स्पष्ट मत असं आहे की तुटलेल्या गावात शिजलेल्या खिचडीपेक्षा कोरडे तांदूळ, डाळ, तेल आणि सरपण पाठवणं केव्हाही बरं. गडचिरोलीतल्या दुर्गम गावांना पावसाळ्याआधीच रेशनचं धान्य आगाऊ पोचवतात ते याचसाठी. तुमच्या गावाचं नाव त्या यादीत आहे का, हे मे महिन्यातच तलाठ्याला किंवा रेशन दुकानदाराला विचारून ठेवा.

तिसरं, भिजलेला माल. पुराचं पाणी शिरलेलं धान्य, कागदी पुड्यातली बिस्किटं, पीठ वाळवून वापरू नका. त्या पाण्यात संडासाचं पाणी मिसळलेलं असतं. शेंगदाणे कुबट लागले, कडवट लागले, हिरवट बुरशी दिसली तर अख्खी पिशवी टाका. बुरशीचं विष धुऊन किंवा भाजून जात नाही. फुगलेलं तयार जेवणाचं पाकीट आणि फुगलेला डबा न उघडताच फेका. न फुगलेलं, न फाटलेलं पाकीट असेल तर ते साबणाने धुवा, क्लोरीनच्या पाण्याने पुसा आणि मग कापा. नाहीतर कात्रीसोबत बाहेरची घाण आत जाते.

आता कोठा साफ न होण्याकडे वळू. आपत्कालीन शिध्याच्या वड्या म्हणजे मैदा किंवा गव्हाचं पीठ, घट्ट तेल आणि साखर दाबून केलेल्या विटा. 100 ग्रॅमला सुमारे 500 कॅलरी मिळतात. मीठ मुद्दाम कमी ठेवतात, म्हणजे तहान लागत नाही. समुद्रात भरकटलेल्या होडीत जीव जगवायला त्या बनल्या, तिथे त्या उत्तमच. पण त्यांत चोथा नावापुरता असतो. बिस्किटांची आणि मुरमुऱ्यांची गतही तीच. अशा खाण्यावर आतड्यात मळच थोडा तयार होतो. म्हणून दोन-तीन दिवस परसाकडे झालं नाही आणि पोट मऊ आहे, वारा सरतोय, भूक लागतेय, तर तो आजार नाही. त्यावर जुलाबाचं औषध घेऊ नका. एरंडेल किंवा जुलाबाच्या गोळ्यांनी शरीरातलं जे थोडं पाणी आहे तेही निघून जातं आणि पुढचे चार दिवस कोठा आणखी कोरडा होतो.

वडी एका बैठकीत चावून संपवू नका. इतकी चरबी आणि साखर एकदम गेली की जठर जड होतं, मळमळतं, छातीत जळजळतं. साधारण 30 ग्रॅमचा तुकडा दर तीन तासांनी, बारीक चावून, मागून पेलाभर पाणी. लेकराला आणि दात नसलेल्या माणसाला वडी उकळलेल्या कोमट पाण्यात कुस्करून पेजेसारखी द्या.

मोठ्या माणसाला रोज 25 ते 30 ग्रॅम चोथा हवा. तो कुठून काढायचा? हरभऱ्यात 100 ग्रॅमला सुमारे 25 ग्रॅम असतो, जवसातही तेवढाच, शेंगदाण्यात 10 च्या आसपास, ज्वारीतही 10, आणि पांढऱ्या तांदळात जेमतेम तीन. म्हणजे फुटाणे सालीसकट घ्या. सोललेलं डाळं घेतलं तर निम्मा फायदा सालीसोबत गेला. एका माणसाचा दिवसाचा माझा हिशेब असा असतो: फुटाणे 60 ग्रॅम, शेंगदाणे 30, सातूचं पीठ 50, पोहे 100, गूळ 30 आणि जवसाची पूड 10 ग्रॅम, म्हणजे साधारण चार लहान चमचे. चूल न पेटवता यातून 1100 च्या आसपास कॅलरी आणि 20 ते 25 ग्रॅम चोथा मिळतो. त्यावर 100 ग्रॅम वडी घातली की 1600 कॅलरी होतात, बसून असलेल्या माणसाचं काम भागतं. पाच माणसांना दहा दिवसांसाठी फुटाणे 3 किलो, शेंगदाणे दीड किलो, सातू अडीच किलो, पोहे 5 किलो, गूळ दीड किलो, जवस अर्धा किलो, वड्या 5 किलो. चूल पेटली त्या दिवशी पोह्यांऐवजी भाकर, वरण-भात करा आणि वडीला हात लावू नका.

एवढे फुटाणे पहिल्याच दिवशी खाऊ नका, पोटात गुबारा धरतो. हरभऱ्यातल्या काही साखरा लहान आतड्यात पचत नाहीत, पुढे मोठ्या आतड्यातल्या जिवाणूंना त्या मिळतात आणि वारा तयार होतो. पहिल्या दिवशी मूठभर, तिसऱ्या-चौथ्या दिवशी पूर्ण माप. कच्चा हरभरा असेल तर आठ तास भिजवा, ते पाणी टाका आणि मग घुगऱ्या शिजवा. या साखरांचा बराच भाग भिजवणाच्या पाण्यात उतरतो. ओवा चिमूटभर चालेल, पण भिजवण्याला तो पर्याय नाही.

या सगळ्यात सातूला मी पहिला नंबर देतो. तो खायचा म्हणजे पाण्यात कालवूनच खावा लागतो, त्यामुळे चोथ्याबरोबर पाणी आपोआप पोटात जातं. 50 ग्रॅमला 300 मिली पाणी, गुळाचा खडा, कणभर मीठ. जवसाची पूड आधी करून ठेवू नका, दमट हवेत तिचं तेल लवकर खवट होतं. जवस मंद आचेवर तडतडेपर्यंत भाजून अख्खा डब्यात भरा आणि रोज लागेल तेवढाच कुटा. अख्खा जवस गिळला तर तसाच बाहेर पडतो.

इसबगोल अनेकांकडे असतो. एक ते दोन चमचे, पण पूर्ण 250 मिली पाण्याबरोबर आणि पाठोपाठ आणखी एक पेला. एवढं पाणी देता येत नसेल तर इसबगोल देऊ नका. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला तर मुळीच नको. तो घशात किंवा आतड्यात फुगून अडकतो.

अन्नाइतकंच मोठं कारण आहे दाबून ठेवणं. संडास बुडालेला, शाळेच्या दोन खोल्यांत अख्खा टोला (वस्ती) बसलेला, आडोसा नाही. बाया अंधार पडेपर्यंत थांबतात आणि जावं लागू नये म्हणून पाणी आणि जेवण दोन्ही कमी करतात. संवेदना दाबली की मळ मागे सरकतो, त्यातलं पाणी शोषलं जातं आणि दोन दिवसांत तो खड्यासारखा होतो. लघवीची जळजळही यातूनच येते. यावर औषध नाही, आडोसा हवा. उंचवट्यावर, पिण्याच्या पाण्यापासून निदान 30 मीटर दूर, बायांसाठी वेगळा, ताडपत्रीचा. चर खणता येत नसेल तर झाकणाचा डबा आणि प्रत्येक वेळी वरून दोन मुठी राख. साबण संपला तर हातालाही राखच. सकाळी उठल्यावर पेलाभर कोमट पाणी आणि काहीतरी खाणं झालं की मोठ्या आतड्याची हालचाल सर्वांत जोरात असते. त्या अर्ध्या तासात आडोसा मोकळा मिळेल अशी पाळी ठरवा.

म्हाताऱ्या माणसाबाबत एक गोष्ट नीट लक्षात घ्या. चार-पाच दिवस कोठा बंद, आणि मग थोडं थोडं पाण्यासारखं नकळत गळायला लागतं. घरचे ढाळ समजून ढाळ थांबवायची गोळी देतात. खरं तर आत कडक मळाचा गोळा बसलेला असतो आणि त्याच्या कडेने पातळ मळ झिरपत असतो. गोळीने तो आणखी पक्का बसतो. अशा वेळी ग्लिसरीनची बत्ती आणि आशाताई किंवा नर्सचा सल्ला. पोट नगाऱ्यासारखं ताठ, उलट्या, आणि वारासुद्धा सरत नाही, असं एकत्र दिसलं तर ती आतडं अडल्याची खूण. तोंडाने काहीही देऊ नका आणि होडी बोलवा.

खरोखर ढाळ लागले तर हरभरा, जवस, वडी, दूध पावडर बंद. जलसंजीवनीचं (ओआरएस) मोठं पाकीट एक लिटर पाण्यात, पूर्ण पाकीट एकदमच. अर्धं पाकीट अंदाजाने ओतू नका, मिठाचं प्रमाण चुकतं. छोटं पाकीट 200 मिलीचं असतं, आकडा वाचूनच पाणी घ्या. पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ. चाखून पाहा, अश्रूंपेक्षा खारट लागलं तर ओतून पुन्हा करा. 24 तासांनी उरलेलं टाका. दोन वर्षांखालच्या लेकराला प्रत्येक पातळ शौचानंतर 50 ते 100 मिली, दोन ते दहा वर्षांच्या मुलाला 100 ते 200 मिली, मोठ्यांना मागतील तेवढं. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून चमच्या-चमच्याने. सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंतच्या लेकराला झिंकची 20 मिलीग्रॅमची गोळी रोज एक, ढाळ थांबले तरी पूर्ण 14 दिवस. अंगावर पिणाऱ्या बाळाचं दूध तोडू नका आणि पुरात बाटलीचं दूध सुरू करू नका. उपाशी ठेवणं ही जुनी चूक आहे. मीठ घातलेली पेज, मऊ वरण-भात, केळ चालू ठेवा. शौचात रक्त, तांदळाच्या धुवणासारखे सततचे ढाळ, डोळे खोल, चिमटीत धरलेली कातडी हळू बसणं, सहा तास लघवी नाही, यातलं एक दिसलं तरी आरोग्य केंद्राला कळवा. 108 ची गाडी पाण्याच्या पलीकडेच थांबणार, होडीला वेळ लागणार, म्हणून रात्र होण्याची वाट पाहू नका.

पाऊस लांबला तर रानभाजी मदतीला येते. तरोट्याची कोवळी पानं आणि काटवलं पोट हलकं ठेवतात, फक्त पूर चढून गेलेल्या जागेवरची तोडू नका. वास्ते (बांबूचे कोवळे कोंब) उकळून ते पाणी टाकल्याशिवाय खाऊ नका, कच्च्या कोंबात विषारी घटक असतो. अनोळखी सात्यांना (रानातल्या अळंब्यांना) हात लावू नका. लाखोळीची (खेसरीची) डाळ घरात भरपूर आहे म्हणून रोज दोन्ही वेळा तीच शिजवणं टाळा. महिनोन्‌महिने मुख्य अन्न म्हणून ती खाल्ली तर पायातली ताकद जाऊ शकते.

एखादा माणूस पाच-सहा दिवस काहीच न खाता कुठे अडकून सापडला तर त्याला भरपेट जेवू घालू नका. पहिल्या दिवशी नेहमीच्या एक तृतीयांशच, पेज आणि जलसंजीवनी, थोडं थोडं, आणि पुढे तीन-चार दिवसांत वाढवत न्या. उपासानंतर एकदम साखर-भात गेला की रक्तातले क्षार झपाट्याने खाली येतात आणि हृदयावर बेततं. अशा माणसाला लवकरात लवकर दवाखान्यात हलवा.

आता आईसाठी. वड्या, ग्लुकोजची बिस्किटं आणि गूळ तिच्या वाट्यातून काढा. तिला बिनगुळाचा सातू, फुटाणे, शेंगदाणे, भाकर मिळेल तेव्हा भाकर द्या. नेहमीपेक्षा जेवण कमी होत असेल तर साखरेची गोळी तशीच पूर्ण घेणं धोक्याचं ठरू शकतं, विशेषतः साखर एकदम खाली आणणारी गोळी किंवा इन्सुलिन असेल तर. म्हणून पावसाळा लागायच्या आधीच डॉक्टरांना विचारून कागदावर लिहून घ्या, जेवण निम्मं झालं तर गोळी किती आणि अजिबात जेवण नसेल तर काय. ढाळ-उलट्या चालू असताना कोणती गोळी थांबवायची, तेही त्याच कागदावर. घाम सुटला, हात थरथरले, बोलणं अडखळलं तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच पाजा. ती बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालू नका, कुशीवर वळवा आणि मदत बोलवा. तेवढ्यासाठी साखरेची एक घट्ट झाकणाची बाटली तिच्या उशाशी ठेवा, शिध्याच्या पेटीत नको.